युद्धात बेपत्ता झालेली माणसं: मातीतल्या हाडाला नाव परत कसं मिळतं?

युद्ध संपून बरीच वर्षं झाल्यावर कधीतरी बातमी येते की अमुक ठिकाणी सामूहिक कबर सापडली, आता डीएनए टेस्ट होणार. वाचणाऱ्याला वाटतं चला, म्हणजे महिन्या-दोन महिन्यांत नावं कळतील. तसं होत नाही. वर्षं जातात, कधी वीस-तीस वर्षं जातात. त्यात सरकारी ढिलाई असतेच, पण सगळाच दोष ढिलाईचा नसतो, कामच तसलं किचकट आहे. या विषयावर जेवढं वाचत गेलो तेवढं मला एक पटत गेलं की डीएनए हा अगदी शेवटचा टप्पा आहे, आणि नाव परत मिळणार की नाही हे बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी, खड्ड्यात आणि कागदावर ठरून गेलेलं असतं. काळ हाडांचं जेवढं नुकसान करतो त्यापेक्षा घाई जास्त करते.

आधी आवाका लक्षात घेऊ. १९९२ ते १९९५ च्या बोस्नियाच्या युद्धानंतर सुमारे ३१,५०० माणसं बेपत्ता होती. सायप्रसमध्ये साठच्या दशकातला हिंसाचार आणि १९७४ चं युद्ध धरून अधिकृत यादी २,००२ जणांची आहे, त्यात १,५१० ग्रीक सायप्रियट आणि ४९२ तुर्की सायप्रियट. अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या महायुद्धापासून आजवरचे सुमारे ८१ हजार लोक अजून सापडायचे आहेत. व्हिएतनाममध्ये त्यांच्या स्वतःच्या बाजूचे लाखो सैनिक कुठे पुरलेत ते माहीत नाही. इराकमध्ये गेल्या कित्येक दशकांतली युद्धं आणि दडपशाही मिळून अंदाज अडीच लाखांपासून दहा लाखांपर्यंत जातात. आणि हे सगळे सैनिक नव्हेत, यात शाळकरी पोरं आहेत, म्हातारी माणसं आहेत, घरातून ओढून नेलेले शेतकरी आहेत.

घरच्यांचं काय होतं? बायको कागदोपत्री ना विवाहित ना विधवा, जमीन नावावर होत नाही, पेन्शन सुरू होत नाही, आणि आई रोज दार वाजलं की दचकते. मेलाय असं म्हणायचं तर आपणच त्याला मारल्यासारखं वाटतं, जिवंत आहे म्हणायचं तर मग आला का नाही. म्हणून १९७७ मध्ये जिनिव्हा करारांना जो पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल जोडला गेला त्यात ३२ व्या कलमात स्पष्ट म्हटलंय की आपल्या माणसाचं काय झालं हे कळणं हा कुटुंबाचा हक्क आहे. उपकार नाही, हक्क. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण एकदा हक्क म्हटलं की खर्च कशाला, जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार, वगैरे प्रश्नांना उत्तर देण्याची जबाबदारी कुटुंबावर राहत नाही.

आता शोध कसा लागतो ते बघू. सुरुवात जवळजवळ नेहमी माणसांपासून होते. कोणीतरी पाहिलेलं असतं, एखादा वाचून पळालेला असतो, एखाद्याने त्या रात्री गाडी चालवलेली असते आणि तीस वर्षांनी त्याला ते सांगावंसं वाटतं. सायप्रसमध्ये तर बहुतेक शोध अशा साक्षींवरच चालतो, आणि साक्षीदार म्हातारे होत चाललेत, शिवाय जिथे शेत होतं तिथे आता बिल्डिंग उभी असते. त्यामुळे सांगितलेल्या जागी खणून काहीच न मिळणं हे अगदी नेहमीचं आहे, बऱ्याचदा साक्षीदार खोटं बोलत नसतो, फक्त त्याच्या डोक्यातलं झाड आणि वळण आता तिथे नसतं.

दुसरा आधार वरून काढलेल्या फोटोंचा. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात सुमारे ८ हजार मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्यानंतर ऑगस्टमध्ये अमेरिकेने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत हवाई फोटो दाखवले, एका फोटोत शेत जसंच्या तसं आणि काही दिवसांनंतरच्या फोटोत तिथेच ताजी उकरलेली माती. तारीख असलेले असे दोन फोटो म्हणजे साक्षीदारच. मग जागेवर गेल्यावर झाडोरा बघतात, कारण उकरलेल्या जमिनीवर आधी वेगळंच तण येतं, जमीन कुठे खचलीय ते बघतात, एक लांब लोखंडी सळई जमिनीत दाबून माती कुठे भुसभुशीत लागते ते तपासतात आणि सळई बाहेर काढून तिच्या टोकाचा वाससुद्धा घेतात. जमिनीत रडार लहरी सोडणारी यंत्रं असतात पण ती हाडं दाखवत नाहीत हे लक्षात ठेवा, ती फक्त सांगतात की इथे माती हलवलेली आहे. आणि हे सगळं करायच्या आधी भूसुरुंग काढणारी टीम जाते, कारण युद्धाची जमीन असते ती.

माती एकदा खणली की ती पुन्हा कधीही पहिल्यासारखी बसत नाही. भिंतीला पडलेलं भोक प्लॅस्टरने बुजवून वर कितीही रंग मारला तरी उजेड तिरपा पडला की ठिगळ दिसतंच, तसं वरची माती हळूहळू खरवडत गेलं की एका थराला कबरीची कड दिसायला लागते, आत वेगळा रंग बाहेर वेगळा. मशीनच्या बकेटच्या दातांचे ओरखडे सुद्धा कडेच्या मातीत जसेच्या तसे राहतात आणि त्यावरून कबर कुठल्या प्रकारच्या मशीनने खणली ते कळतं. म्हणून चांगली टीम कड सापडेपर्यंत हाडाला हात लावत नाही.

पुढचं काम जरा जवळून बघण्यासारखं आहे. वरची जाड माती मशीनने काढतात, पण दात नसलेली सपाट बकेट लावून, आणि मशीनसमोर एक माणूस फक्त बघत उभा असतो. पहिला कपड्याचा तुकडा किंवा बूट दिसला की मशीन बंद. मग छोटी करणी, लाकडी किंवा बांबूच्या काड्या, ब्रश. सांगाड्याच्या बाजूची माती खाली खाली नेतात म्हणजे सांगाडा ओट्यावर ठेवल्यासारखा वर राहतो आणि कोणाचा हात कुणाच्या खाली गेलाय ते दिसतं. ढीग असेल तर जो सगळ्यात वर आहे आणि पूर्ण मोकळा झालाय तोच आधी काढायचा, खालचा ओढायचा नाही, ओढलं की त्याचा पाय तिथेच राहतो आणि तो पाय आयुष्यभर दुसऱ्याच्या पिशवीत जातो. हलवायच्या आधी फोटो, प्रत्येक फोटोत नंबर, स्केल आणि उत्तर दिशेचा बाण, मग डोकं, खांदे, कंबर, गुडघे, घोटे या बिंदूंची मोजमापं यंत्राने घेतात. हात मागे बांधलेले आहेत का, डोळ्यांवर पट्टी आहे का, गाठ कशी मारलीय. गाठ सोडत नाहीत, गाठीसकट उचलतात.

माणसाच्या अंगात २०६ हाडं आणि त्यातली १०६ फक्त हातापायांच्या पंज्यांत, एका हातात २७ आणि एका पावलात २६. ही बारकी हाडं मोज्यात, हातमोज्यात, बाहीच्या टोकाला जमा होतात. त्यामुळे बूट तिथल्या तिथे उलटा करून झटकायचा नाही, बुटासकट पिशवीत टाकून लॅबमध्ये उघडायचा. उरलेली सगळी माती चाळणीतून जाते. त्यात दात सापडतो, गोळी सापडते, कधी अंगठी. मग पिशवीवर नंबर, तोच नंबर वहीत, तोच फोटोत, तोच ताबा घेणाऱ्याच्या सहीच्या कागदावर. पोलिस पंचनामा करून मुद्देमाल सील करतात ना, तेच काम इथे प्रत्येक सांगाड्यासाठी होतं. एक सांगाडा नीट काढायला अख्खा दिवस सहज लागू शकतो. बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांना ते बघवत नाही हे खरंय आणि त्यांची चिडचिड मला पूर्ण समजते.

पण ही काळजी घेतली नाही तर काय होतं त्याचं उदाहरण इराकचं आहे. १९९१ च्या उठावानंतर सद्दाम हुसेनच्या राजवटीने मारलेली माणसं हिल्ला शहराजवळ अल-महाविल इथे पुरलेली होती. मे २००३ मध्ये राजवट पडल्यावर लोक तिथे धावले, बारा वर्षं थांबलेली माणसं होती ती, कोण कोणाला थांबवणार. जेसीबीसारख्या मशीनने आणि हातांनी उकरून दोन हजारांहून जास्त मृतदेहांचे अवशेष बाहेर काढले गेले. मशीनने सांगाडे तुटले, एकाची कवटी दुसऱ्याच्या कपड्यात गेली, लोक खिशातली कागदपत्रं, घड्याळ, कपड्याचा रंग यावरून आपलं माणूस घेऊन गेले. आणि सुमारे हजार जणांचे अवशेष ओळख न पटता परत पुरावे लागले. त्या लोकांना दोष द्यायची माझी हिंमत नाही. तिथे असलेल्या परदेशी फौजांनी जागा राखून धरायला हवी होती, तज्ज्ञ आणायला हवे होते, नातेवाइकांशी बोलायला हवं होतं, ते झालं नाही आणि त्याची किंमत त्या हजार घरांनी दिली.

आता याच्या अगदी उलट उदाहरण. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या १९८२ च्या फॉकलंड बेटांच्या युद्धात, ज्या बेटांना अर्जेंटिनात माल्विनास म्हणतात, मेलेले बरेचसे अर्जेंटिनाचे सैनिक रणांगणावरच कुठे कुठे पुरलेले होते. १९८३ मध्ये जेफ्री कार्डोझो नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याला ते सगळे गोळा करून एका ठिकाणी दफन करायचं काम दिलं गेलं. शत्रूचे मृतदेह, भाषा येत नाही, बऱ्याच जणांच्या अंगावर ओळखीचा बिल्लाच नाही. त्याने प्रत्येक मृतदेह एकावर एक पिशव्यांमध्ये गुंडाळला, पुसली न जाणाऱ्या शाईने कुठे सापडला ते लिहिलं, अंगावर जे काही होतं ते सोबत ठेवलं, शक्यतो प्रत्येकाला वेगळं पुरलं आणि सगळ्याचा तपशीलवार रिपोर्ट केला. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या कबरीवर लिहिलं होतं की हा अर्जेंटिनाचा सैनिक, याची ओळख फक्त देवाला. तेव्हा डीएनएवरून माणूस ओळखायची पद्धत निघालेलीच नव्हती. म्हणजे हे सगळं पुढे कशाला उपयोगी पडेल हे त्याला माहीत असणं शक्यच नव्हतं, त्याने फक्त नीट केलं.

चौतीस वर्षांनी, २०१७ मध्ये, दोन्ही देशांच्या संमतीने रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीची टीम फॉकलंडमधल्या डार्विन इथल्या त्या दफनभूमीत गेली. १२१ निनावी कबरी उघडल्या, १२२ जणांचे अवशेष मिळाले, तिथेच तात्पुरती लॅब लावून तपासणी केली, सॅम्पल घेतलं आणि प्रत्येकाला नव्या पेटीत परत त्याच जागी ठेवलं. पेट्या पक्क्या आणि वेगवेगळ्या होत्या म्हणून हाडांची सरमिसळ फारशी नव्हती, आणि नातेवाइकांची सॅम्पल आधीच अर्जेंटिनात गोळा केलेली होती. त्यामुळे त्याच वर्षीच्या डिसेंबरपर्यंत ८८ जणांची नावं कळली, पुढे हा आकडा ११० च्या वर गेला. एवढा वेग या क्षेत्रात क्वचित दिसतो आणि त्याचं श्रेय मी तरी लॅबच्या आधी १९८३ मधल्या त्या शाईला देईन.

स्रेब्रेनिकात प्रश्न वेगळाच होता, तिथे मारणाऱ्यांनी मुद्दाम सरमिसळ केली. जुलैमध्ये मोठ्या कबरींत पुरलेले मृतदेह सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री मशीनने उकरले, ट्रकमध्ये भरले आणि लांबच्या दऱ्यांत छोट्या छोट्या खड्ड्यांत टाकले, पुरावा लपवायला. मशीनच्या बकेटने सांगाडे मधोमध तुटले. परिणाम असा की एकाच माणसाचा धड एका कबरीत, पाय दुसऱ्या, हात तिसऱ्या, मध्ये कित्येक किलोमीटर. पण लपवणाऱ्यांच्या हातून माती सुटत नाही. कोझलुक गावाजवळची मूळ कबर बाटल्या भरायच्या कारखान्याच्या कचऱ्याच्या जागी होती, तिथे हिरव्या काचांचे ढीग आणि लेबलं होती. दूरच्या चान्चारी रस्त्यावरच्या एका कबरीत तीच हिरवी काच, तीच लेबलं सांगाड्यांमध्ये मिळाली, म्हणजे हे मृतदेह तिथूनच आणलेत हे सिद्ध झालं. माती, परागकण, काडतुसांच्या पुंगळ्या, डोळ्यांवरच्या पट्ट्यांचं कापड, सगळं असं जुळवत नेलं आणि हे पुरावे युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात उभे राहिले. २००१ मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याच्या जनरल क्रस्टिचच्या खटल्यात न्यायाधिकरणाने याला वंशसंहार ठरवलं त्यात या उत्खननांचा मोठा वाटा होता.

लॅबमध्ये पहिलं काम अगदी साधं दिसतं. हाडं धुवायची, सावलीत सुकवायची, लांब टेबलावर माणूस झोपलाय अशी मांडायची. दोन डाव्या मांडीची हाडं आली की माणसं किमान दोन, इतकं सरळ गणित. मग कंबरेच्या हाडावरून बाई की पुरुष, मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची. वयासाठी कॉलरबोन फार कामाचं, त्याचं छातीकडचं टोक सगळ्यात उशिरा, विशीच्या उत्तरार्धापर्यंत जुळत असतं, त्यामुळे एकोणीस वर्षांचा पोरगा आणि तिशीतला माणूस यांतला फरक कळतो, आणि युद्धात मेलेले बहुतेक याच वयातले. जुनं मोडून जुळलेलं हाड, दातांतलं फिलिंग, लंगडणाऱ्याचा झिजलेला सांधा, हे घरच्यांना विचारून पडताळता येतं. गोळी कवटीत घुसते तिथे भोक आतल्या बाजूला रुंद होत जातं, बाहेर पडते तिथे बाहेरच्या बाजूला, म्हणजे गोळी मागून आली की समोरून हे तीस वर्षांनीही कळतं. अमेरिकन लॅबने तर कोरियन युद्धातले सैनिक ओळखायला त्यांचे भरतीच्या वेळी टीबीसाठी काढलेले छातीचे एक्सरे वापरले, कारण प्रत्येकाच्या कॉलरबोनचा आकार वेगळा असतो आणि ते त्या एक्सरेत स्पष्ट दिसतं. टीबी शोधायला काढलेली फिल्म अशी कामी आली.

कपडे आणि वस्तूंवर लोकांचा फार विश्वास असतो. बोस्नियात रेड क्रॉसने सापडलेल्या कपड्यांच्या फोटोंचं पुस्तक केलं होतं आणि बायका आपल्या हाताने मारलेलं ठिगळ किंवा विणलेला मोजा ओळखायच्या. पण धोका असा की युद्धात लोक एकमेकांचे कोट घालतात, मेलेल्याचे बूट काढून घेतात, मित्राचं पाकीट सांभाळायला घेतात. म्हणून आताचा नियम असा की वस्तू दिशा दाखवते, शिक्का मारत नाही. सैन्याचे बिल्ले त्यातल्या त्यात बरे. जर्मन सैनिकाचा बिल्ला मधोमध तोडता येईल असा होता, अर्धा मृतदेहावर ठेवायचा आणि अर्धा तोडून रेकॉर्डला पाठवायचा. सोव्हिएत सैनिकांना छोटी काळी कुपी दिलेली असायची, आत नाव-गाव लिहायचा कागद. पण कागद भरला की मरण येतं अशी समजूत होती म्हणून कित्येकांनी तो कोराच ठेवला, आणि आज रशियातले स्वयंसेवक जंगलात ती कुपी उघडतात तेव्हा आत कोरा कागद निघतो. फ्रान्समध्ये फ्रॉमेल इथे १९१६ च्या लढाईतल्या २५० सैनिकांच्या कबरी २००९ मध्ये उघडल्या तेव्हा एका ऑस्ट्रेलियनजवळ फ्रीमँटल ते पर्थ रेल्वेचं परतीचं तिकीट सापडलं, जपून ठेवलेलं, न वापरलेलं.

आता डीएनए. मांडीच्या हाडाचा घट्ट भाग, दात आणि कानाच्या आतल्या भागाभोवतीचं कवटीचं हाड यांत तो सगळ्यात जास्त टिकतो. वरचा थर घासून काढतात म्हणजे हात लावणाऱ्यांचा डीएनए जातो, मग हाडाची पूड करतात आणि त्यातून तो वेगळा करतात. आम्लधर्मी माती, उष्णता, पाणी हे त्याचे शत्रू, म्हणून व्हिएतनामच्या हाडांतून काढणं फार अवघड, उलट बोस्नियात तोमाशित्सा इथे २०१३ मध्ये उघडलेल्या कबरीत चिकट मातीमुळे एकवीस वर्षांनीही शरीरं बरीचशी टिकलेली होती.

नुसता हाडातला डीएनए काही सांगत नाही, तो कशाशी तरी जुळवावा लागतो. म्हणून नातेवाइकांचं रक्त किंवा लाळ लागते, एकाचं नाही, शक्यतो दोन-तीन जवळच्यांचं. आई-वडील दोघं असतील तर उत्तम. बेपत्ता व्यक्तींसाठीचा आंतरराष्ट्रीय आयोग, जो १९९६ मध्ये लियाँच्या जी-७ परिषदेत बिल क्लिंटन यांच्या पुढाकाराने उभा राहिला, त्याने बोस्नियात पद्धतच उलटी केली. आधी कपड्यांवरून अंदाज आणि मग डीएनएने खात्री असं चालायचं, त्यांनी हजारो नातेवाइकांचं रक्त आधीच घेऊन डेटाबेस बनवला आणि प्रत्येक हाडाचं प्रोफाईल त्या सगळ्यांशी जुळवायला सुरुवात केली. किमान ९९.९५ टक्के खात्री असल्याशिवाय ते मॅच देत नाहीत. नोव्हेंबर २००१ मध्ये पहिला मॅच मिळाला आणि त्यानंतर स्रेब्रेनिकाच्या जवळपास ७ हजार जणांची ओळख पटली. वेगवेगळ्या कबरींत विखुरलेले तुकडे एकाचेच आहेत हेही यामुळेच कळलं.

कोणाचं सॅम्पल कशाला चालतं यात लोकांचा गोंधळ होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. जुन्या हाडात नेहमीचा डीएनए तुटलेला असेल तर मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा देणाऱ्या तिच्यातल्या छोट्या भागाचा) डीएनए वापरतात, पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात म्हणून तो टिकतो. पण तो फक्त आईकडून मिळतो. म्हणजे बेपत्ता सैनिकाची स्वतःची मुलं इथे उपयोगाची नाहीत, त्यांच्यात त्यांच्या आईचा आलेला असतो. त्याची बहीण चालते, बहिणीची मुलं चालतात, बहिणीच्या मुलीची मुलं चालतात, अगदी त्याच्या मावशीची मुलंही चालतात. वडिलांच्या बाजूने बघायचं तर वाय क्रोमोसोम, जो बापाकडून फक्त मुलग्यांना मिळतो, त्याला भाऊ, मुलगा, भावाचा मुलगा, चुलत्याचा मुलगा. फ्रॉमेलला शंभर वर्षांपूर्वीच्या सैनिकांची नावं अशा लांबच्या नातेवाइकांवरूनच लागली, दीडशेहून जास्त जणांची.

एक अडचण मात्र कोणत्याही मशीनने सुटत नाही. एका घरचे दोन किंवा तीन सख्खे भाऊ एकाच दिवशी मारले गेले, लग्न झालेलं नाही, मुलंबाळं नाहीत. आई-वडिलांच्या रक्तावरून एवढंच कळतं की ही हाडं त्यांच्या मुलाची आहेत, कोणत्या मुलाची ते कळत नाही. तिथे परत टेबलावर मांडलेल्या हाडांकडे यावं लागतं, थोरला उंच होता का, धाकट्याच्या अक्कलदाढा आल्या होत्या का. स्रेब्रेनिकात अशी घरं खूप होती. आणि जिथे अख्खं कुटुंबच संपलं, उदाहरणार्थ इराकमधलं यझिदी या छोट्या धर्मसमाजाचं कोचो हे गाव, तिथे सॅम्पल द्यायला उरलेली माणसं दुसऱ्या देशांत निर्वासित म्हणून पांगलेली असतात, त्यांना तिथे जाऊन गाठावं लागतं.

सरमिसळ किती वाईट असू शकते याचं आणखी एक उदाहरण म्हणजे पर्ल हार्बरला बुडालेली यूएसएस ओक्लाहोमा युद्धनौका. ७ डिसेंबर १९४१ ला तिच्यावर ४२९ जण मेले. जहाज वर काढेपर्यंत जवळपास दोन वर्षं गेली, तेलात आणि पाण्यात हाडं एकत्र झाली, सुरुवातीला फक्त ३५ जणांची ओळख पटली आणि बाकी सगळे ४६ कबरींत निनावी पुरले. पुढे एक पेटी उघडली तर त्या एकाच पेटीत नव्वदच्या वर माणसांची हाडं. २०१५ मध्ये सगळ्या कबरी उघडल्या, सुमारे १३ हजार हाडं, आणि २०२१ पर्यंत ३६१ जणांना नाव मिळालं. ३३ जणांना नाही. कोरियन युद्धातल्या निनावी सैनिकांची वेगळीच पंचाईत, त्यांची हाडं पुरायच्या आधी जपून राहावीत म्हणून फॉर्मल्डिहाइडची पावडर लावली होती आणि त्याच पावडरीने डीएनए खराब केला, तुटका डीएनए वाचायची नवीन पद्धत (सिक्वेन्सिंग) आल्यावरच कुठे वाट निघाली.

कधी कधी मुळात प्रश्न असतो की ही हाडं या युद्धातली तरी आहेत का. श्रीलंकेत मन्नारला २०१८ मध्ये बांधकामाच्या वेळी तीनशेच्या आसपास सांगाडे निघाले, लोकांना वाटलं यादवी युद्धातले बेपत्ता तमिळ असणार, अमेरिकेतल्या लॅबने कार्बन डेटिंग केलं तर काही शतकांपूर्वीचे आले. तो निकाल कुटुंबांना पटलेला नाही आणि इतक्या सांगाड्यांसाठी फक्त काही नमुने तपासले यावर प्रश्न विचारणं मला योग्यच वाटतं. पन्नास-साठच्या दशकातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, कार्बन डेटिंगमध्ये हाच मोजतात) एकदम वाढला होता, त्यामुळे त्यानंतर जन्मलेल्यांच्या दातात तो दिसतो, म्हणजे शतकांपूर्वीचा माणूस आणि काल-परवाचा माणूस हा फरक विज्ञानाला करता येतो, फक्त पुरेसे नमुने घ्यायला हवेत.

ओळख पटल्यावर घरच्यांना सांगणं हे वेगळंच काम आहे. फोनवर सांगत नाहीत, टीमचा माणूस घरी जातो, काय सापडलं, कसं सापडलं, किती सापडलं ते दाखवतो. किती सापडलं हा सगळ्यात कठीण भाग. बोस्नियात आईला विचारावं लागतं की सध्या फक्त मांडीचं हाड आणि कवटीचा भाग मिळालाय, आता दफन करायचंय का थांबायचंय, आणि पुढे आणखी हाडं मिळाली तर तुम्हाला कळवायचं का नको. काही जणी दहा-दहा वर्षं थांबल्या, काहींनी एका हाडावर स्रेब्रेनिकाजवळच्या पोतोचारी इथे ११ जुलैला होणाऱ्या सामूहिक दफनविधीत निरोप दिला आणि नंतर कबर परत उघडावी लागली. यात बरोबर-चूक काही नाही, पण विचारायलाच हवं, परस्पर ठरवून टाकणारे अधिकारी मला मान्य नाहीत.

मारणाऱ्याचं नाव काढायचं की नाही यावरही दोन मतं आहेत. सायप्रसची समिती १९८१ पासून आहे आणि तिला मृत्यूचं कारण किंवा जबाबदार कोण हे सांगायची मुभाच नाही, फक्त अवशेष परत द्यायचे. यामुळे साक्षीदार बोलतात, दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ एकाच लॅबमध्ये एकाच टेबलावर काम करतात आणि हजारावर लोक घरी परत गेलेत. पण कवटीतलं भोक समोर दिसत असताना ते कसं झालं हे आईला सांगायचं नाही हे मला जड जातं. निदान तपासणीत जे दिसलं ते लिहून सील करून ठेवावं म्हणजे उद्या कायदा बदलला तर पुरावा हातात असेल.

आज हेच काम युक्रेनमध्ये युद्ध चालू असतानाच करावं लागतंय. जून २०२५ मध्ये इस्तंबूलच्या बोलण्यांनंतर रशियाने काही दिवसांत ६ हजारांहून जास्त मृतदेह रेफ्रिजरेटेड गाड्यांतून दिले, आणि एका पिशवीत एकाहून जास्त माणसांचे अवशेष असल्याचंही आढळलं. एवढा लोंढा कुठल्याच लॅबला झेपत नाही. दुसरीकडे व्हिएतनामसारख्या ठिकाणी आई-वडील आणि भावंडंही आता जात चाललीत, म्हणून डीएनएमधले हजारो छोटे फरक एकदम वाचून लांबच्या नातेवाइकांशीही जुळवता येतील अशा नव्या पद्धती तिथे आणल्या जातायत. म्हणजे आज न जुळणारं हाड वीस वर्षांनी जुळू शकतं. त्यासाठी दोन गोष्टी आत्ताच व्हायला हव्यात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं सॅम्पल ती असेपर्यंत घेऊन ठेवणं, अवशेष सापडलेले असोत वा नसोत. आणि ज्याची ओळख पटत नाही त्याला जाळायचं नाही, दुसऱ्या कोणाबरोबर एकत्र पुरायचं नाही, दात किंवा हाडाचं सॅम्पल काढून ठेवायचं, स्वतःची वेगळी जागा द्यायची, न पुसणारा नंबर द्यायचा आणि तो नंबर कमीत कमी दोन ठिकाणी लिहून ठेवायचा.